दातार सरांबरोबर लंडन आणि कंपाउंड नसलेलं वाळवंट

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा एक वार्षिक अंक निघतो. त्याच्या संपादकबाई माझ्याच वर्गातल्या. त्यांचा निरोप आला, "तू तिकडेच राहतेस, तर आपल्यासारखी डिझाइनवाली माणसं लंडनला आली की त्यांनी काय बघावं, शहर एक दिवस आणि बाहेर एखादं रिसॉर्ट एक दिवस, अशा टिपा लिहून दे. फार रडकं नको." रडकं होणार नाही याची खात्री देत नाही. टिपा मात्र देते, कारण त्या फुकट मिळालेल्या नाहीत.

पहिली टीप, बूट जुने घाला. दुसरी, इथल्या रविवारी ट्रेनवर भरवसा ठेवू नका. तिसरी, बरोबर आपले जुने सर असतील तर मनातलं बोलणं पहिल्याच दिवशी उरकून टाका. ही तिसरी मी पाळली नाही.

आम्ही वॉटफर्डला राहतो. मंदार, म्हणजे माझा नवरा, एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसतो आणि मी एका किचन शोरूममध्ये आहे. हर्टफर्डशरमधल्या लोकांच्या घरी जायचं, स्वयंपाकघराची मापं घ्यायची, फॉर्म भरायचा, आणि त्यांनी आधीच कॅटलॉगमध्ये पसंत केलेली पांढरी कपाटं त्या मापात बसवून दाखवायची. याला डिझाइन म्हणतात. सात वर्षं झाली. सुरुवातीला वाटायचं, काय, दोन वर्षांचं तर आहे. मग दोनाची सात कधी झाली ते कळलं नाही. बॅगा अजून कपाटावर आहेत.

त्याआधी पाच वर्षं मी पुण्यात दातार सरांच्या ऑफिसात होते. नारायण पेठेत, एका बुक बाइंडरच्या वर, दोन खोल्या. खिडकीजवळचं टेबल माझं. सरांचा एक नियम होता. जागेवर माप घेताना एकानं टेप धरून आकडा मोठ्यानं म्हणायचा. लिहिणाऱ्यानं तोच आकडा परत म्हणायचा, आणि मग "लिहिलं, पुढे" म्हणायचं. तो प्रतिसाद आल्याशिवाय टेप हलवायचा नाही. कोथरूडला एकदा तीन इंच जास्तीचं वॉर्डरोब जिन्यात करवतीनं कापायची वेळ आली होती, तेव्हापासूनचा हा नियम. इथे आल्यावर पहिलं वर्षभर मी गिऱ्हाइकांच्या घरी एकटीच आकडे मोठ्यानं म्हणायचे. त्या बायका आतून "सॉरी?" म्हणून यायच्या. मग सोडून दिलं.

तर या जूनमध्ये सरांचा फोन आला. लेस्टरला पुतण्याकडे काकूंबरोबर महिनाभर येतोय, त्यातले दोन दिवस तुझे. काकूंचे गुडघे दुखतात, त्या बेलग्रेव्ह रोडवर साड्या बघत बसतील.

मी फोन ठेवला आणि मंदारकडे बघितलं. त्याच्या कंपनीनं त्याला पुण्याच्या ऑफिसात जायचं का म्हणून विचारलं होतं, आणि उत्तर महिनाअखेर द्यायचं होतं. तो म्हणाला, "तुला तिथे मनासारखं काम असेल तर जाऊ या. नसेल तर इथेच एखादं घर बघू. पण आता असं अधांतरी नको. तू विचार सरांना."

म्हणजे दोन दिवसांत मला एकच वाक्य बोलायचं होतं. सर, माझं टेबल अजून आहे का?

शनिवार, लंडन

सर आदल्या संध्याकाळी आले. सत्तरीला टेकलेत, पण शर्टाच्या खिशात तीच स्टीलची पट्टी आणि टेप. आल्या आल्या आमच्या भाड्याच्या घराचं स्वयंपाकघर त्यांनी बघितलं. तिथला एक ड्रॉवर फ्रिजच्या दाराला आपटतो आणि निम्माच उघडतो. सरांनी तो दोनदा उघडला आणि दोनदा मिटला. मला इतकी लाज वाटली की मी पिठलं खाली लागू दिलं.

सकाळी यूस्टनला उतरलो. मी सरांसाठी यादी केली होती, काचेच्या इमारती, फर्निचरची मोठी दुकानं, नवे पूल. सरांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "जुन्या घरांची गल्ली कुठे आहे?"

म्हणून ब्लूम्सबरीत गेलो. डिझाइनवाल्यांनो, इथे वर बघू नका, खाली बघा. फुटपाथवर घरासमोर थाळीएवढी लोखंडी झाकणं दिसतील. पूर्वी त्यातून कोळसा टाकत, तो थेट तळघरात जाई. प्रत्येक झाकणावर वेगळी नक्षी. काहींवर फुलं, काहींवर चाकाचे आरे. पावसात पाय घसरू नये म्हणून ती नक्षी आहे, हे सरांनी मला सांगितलं. सात वर्षं मी त्यांच्यावरून चालत होते.

सर फुटपाथवर गुडघे टेकून बसले. झाकणावर कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासायला लागले. नक्षी कागदावर उमटत गेली. येणारी-जाणारी माणसं वळसा घालून जात होती. एक म्हाताऱ्या बाई थांबल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "इज युअर डॅड ऑल राइट, लव्ह?"

"काय म्हणाल्या?" सरांनी खालूनच विचारलं.

"तुम्ही पडलात का विचारतायत."

"सांग त्यांना, म्हणावं, पडलो नाही, बघतोय."

मी बाईंना तसंच सांगितलं. त्याही कमरेत वाकून बघायला लागल्या. त्या गल्लीत त्या चाळीस वर्षं राहत होत्या आणि त्यांनीही ती नक्षी बघितली नव्हती. मला जरा बरं वाटलं.

मग रसेल स्क्वेअरचं ट्यूब स्टेशन. बाहेरून गडद तांबड्या, चकचकीत टाइल्सचं. आत प्लॅटफॉर्मवर टाइल्सची रांगोळी, आणि म्हणे जुन्या स्टेशनांवर ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असायची, ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपलं स्टेशन ओळखू यावं म्हणून. खरं-खोटं माहीत नाही. सर एका टाइलच्या सांध्यावर बोट फिरवत उभे राहिले आणि आमच्या चार ट्रेन गेल्या. मी बाकावर बसले. पाय इतके दुखत होते की बोलायला हीच वेळ बरी, असं वाटलं. "सर," मी म्हटलं.

"हं?"

"चहा घेऊ या का?"

धन्य माझी. कागदी पेल्यातला चहा सरांनी दोन घोट घेऊन ठेवून दिला. मग कामाचं विचारलं, "कसं चाललंय तुझं?"

"छान चाललंय सर."

हे वाक्य मी सात वर्षं फोनवर म्हणत आले आहे. दर दिवाळीला, दर गुढीपाडव्याला. तोंडाला इतकं बसलंय की दुसरं काही येतच नाही. सर म्हणाले, "उत्तम. तू खुशीत आहेस, हे बरं आहे." आणि परत टाइल्सकडे वळले.

परतताना सरकत्या जिन्यावर सर डावीकडे उभे राहिले. इथे डावी बाजू घाईवाल्यांची. मागून चार जणांनी "एक्स्क्यूज मी" म्हटलं, सरांनी प्रत्येकाला मान हलवून नमस्कार केला आणि तसेच उभे राहिले. मी त्यांना ओढायला हवं होतं. तेवढंही त्राण नव्हतं.

रविवार, वाळवंट

आता रिसॉर्टचं. इंग्लंडमध्ये वाळवंट आहे, असं सरांना पुतण्यानं इंटरनेटवर दाखवलं होतं. केंटच्या टोकाला, डंजनेस. सगळे त्याला देशातलं एकमेव वाळवंट म्हणतात. हवामानखात्याला ते मान्य नाही म्हणे, कारण तिथे पाऊस पडतो. पाऊस कुठे पडत नाही इथे? सरांनी मात्र कापडी टोपी आणि काळा चष्मा बरोबर घेतला होता.

ट्रेनच्या रुळांचं काम निघालं होतं, म्हणून मी गाडी काढली. ड्रायव्हिंगची परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झालेय आणि लंडनला वळसा घालणाऱ्या एम ट्वेंटीफाइव्ह हमरस्त्यावर माझा जीव मुठीत असतो. दोन तास सर शेजारी बसून थालीपीठ खात होते आणि मला तुकडे भरवत होते, कारण मी स्टिअरिंगवरून हात काढायला तयार नव्हते. तोंडात घास असताना माणूस महत्त्वाचं बोलू शकत नाही. ही सबब मला तिथे पोचेपर्यंत पुरली.

पोचल्यावर सरांनी चारी बाजूंना बघितलं. "रिसॉर्ट कुठे आहे?"

वाटेत मागे राहिलेल्या कॅरव्हॅनांच्या, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरांच्या रांगांकडे मी बोट दाखवलं. लोक तिथे सुट्टीला येतात आणि पावसात पत्ते खेळतात. सरांनी टोपी काढून खिशात घातली.

बाकी तिथे जे आहे ते सांगते. नजर जाईल तिथवर गोटे. वाळू नाही, गोटे. पलीकडे समुद्र, अलीकडे दोन दीपगृहं, आणि टोकाला अणुवीज केंद्राचं अवाढव्य धूड, दिवसरात्र गुणगुणणारं. मध्ये विखुरलेली बुटकी लाकडी घरं, डांबर फासून काळी केलेली. काही तर रेल्वेचे जुने डबे आणून केलेली, वर छप्पर चढवलेलं. गोट्यांतून समुद्री कोबीचे जाड, निळसर पानांचे गड्डे वर आलेले. कुंपण एकालाही नाही. वारा असा की बोललेलं तोंडातच राहावं. मला ती जागा आवडणार नाही, असं मी ठरवून गेले होते. आवडली.

गोट्यांवर चालणं म्हणजे एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे. पोटऱ्या भरून येतात. म्हणून ती जुन्या बुटांची टीप.

सर एका काळ्या घरापाशी गेले. खिडकीची चौकट पिवळी होती, फार सुरेख. आजूबाजूला गंजलेल्या साखळ्या, वाहून आलेली लाकडं, वर्तुळात मांडलेले गोटे, मध्ये फुलं. "काय नेमकी मांडणी केलीय," सर म्हणाले. "म्युनिसिपालिटीची असेल?"

मलाही तसंच काहीसं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. आपण पुण्याची माणसं, आपल्याकडे प्लॉट घेतला की पायाच्या आधी कंपाउंड. भिंत नाही, फाटक नाही, कुत्र्यापासून सावध राहा ही पाटी नाही, म्हणजे जागा सगळ्यांची. सरांनी टेप काढला. एक टोक माझ्या हातात दिलं, खिशातली वही उघडली.

माझा हात आपोआप खिडकीच्या कोपऱ्याला गेला. "रुंदी तीन फूट अडीच इंच," मी म्हटलं.

"तीन अडीच. लिहिलं, पुढे."

सात वर्षांनी ऐकलं. "उंची दोन फूट अकरा."

"दोन अकरा. लिहिलं, पुढे."

"खिडकीखालच्या सिलची खोली पाच इंच."

"पाच. लिहिलं..."

"कॅन आय हेल्प यू?"

या देशात हे वाक्य मदत करायला म्हणत नाहीत. दारात एक साठीपुढची बाई उभी होती, अंगात मळका स्वेटर, हातात खुरपं. आम्ही तिच्या फुलांच्या वर्तुळात उभे होतो. माझा एक पाय कोबीवर होता. मला गोट्यांनी पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी सॉरी म्हणायला लागले आणि थांबेचना. पुणं, आर्किटेक्चर, कंपाउंड, सगळं एका दमात. सरांनी मात्र शांतपणे वही पुढे केली. तीन मिनिटांत त्यांनी तिच्या खिडकीचं चित्र काढलं होतं, मापांसकट. बाईनं ते बघितलं, मग सरांना बघितलं. "ही चौकट माझ्या नवऱ्यानं केली होती," ती म्हणाली. "कुणी मोजायला येईल, असं त्याला कधी वाटलं नसेल." आणि आम्हाला आत बोलावून चहा टाकला.

तिचं नाव जीन. पुढचा अर्धा तास मी दुभाषी होते. सरांना सगळं हवं होतं. डांबर कितीदा लावता, वारा कुठून येतो, छपराला खिळे कसले. जीननं सांगितलं, की तिची आजी गोट्यांवर चालताना बुटांखाली लाकडी फळ्या बांधायची, म्हणजे पाय रुतायचे नाहीत. सरांनी तिला त्या फळीचं माप विचारलं. तिनं हातानं दाखवलं, सरांनी त्या हाताला टेप लावला. जीन हसत सुटली.

शेवटी त्यांनी मूळ शंका काढली. "यांना विचार, कुंपण नाही तर आपली बाग कुठे संपते हे कसं कळतं?"

जीन म्हणाली, "जिथपर्यंत मी तण उपटते तिथपर्यंत माझी. पुढचं कुणाचं ते मला ठाऊक नाही."

मी मराठीत सांगितलं. सरांनी बराच वेळ मान हलवली.

निघताना ती म्हणाली, की पक्कं ड्रॉइंग झालं की मला पाठवाल का? माझा पत्ता घ्या, तुमचा द्या. सरांनी पाकिटातून व्हिजिटिंग कार्ड काढलं. आणि मग पेन्सिल काढून त्यांनी कार्डावरच्या ऑफिसच्या पत्त्यावर आणि फोन नंबरवर पट्टी ठेवून एकेक सरळ रेघ मारली. खाली घरचा पत्ता लिहायला लागले.

टेबलाच्या पलीकडून उलटं वाचायची आम्हा लोकांना सवय असते. मी वाचलं. नारायण पेठ खोडली होती, फोन नंबर खोडला होता.

बाहेर आलो. गाडीपर्यंत दोनशे पावलं होती, पण मी अर्ध्यातच थांबले. "सर, ऑफिस?"

"मार्चमध्ये बंद केलं. किल्ली मालकाला दिली."

"मला सांगितलं नाहीत."

"तुला फोनवर काय सांगायचं? तू तिकडे छान रमलीस. उगाच मन कशाला मोडायचं."

मग मी बोलले, सगळंच बोलले. ती पांढरी कपाटं, मंदारची महिनाअखेर, कपाटावरच्या बॅगा, आणि टेबल. टेबलाचं विचारायलाच कालपासून मी तोंड उघडत होते, सर, आणि चहा मागत होते. मी रडत होते आणि वारा इतका होता की सरांना काही वाक्यं पुन्हा सांगावी लागली. रडत रडत तीच गोष्ट ओरडून पुन्हा सांगणं, यासारखं हास्यास्पद काही नाही.

सर गोट्यांवर खाली बसले. मीही बसले.

"तू एकदा जरी म्हणाली असतीस," ते म्हणाले, "की बरं चाललेलं नाही, तर मी दोन वर्षं अजून रेटलं असतं. मी वाट बघत होतो. दर दिवाळीला तू छान म्हणायचीस. मग मी हिला म्हटलं, आता पुरे." काकूंना ते 'हिला' म्हणतात. "सगळ्यात शेवटी तुझं टेबल काढलं. विकलं नाही. घरी गच्चीवर आहे. ही त्यावर कुरडया वाळवते."

मी हसले. रडता रडता हसले, तेही बरं दिसत नाही. पण तिथे बघायला कोण होतं?

"आता पुण्याला येऊन काय करशील?" सर म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडे पांढरी कपाटंच बसवशील. तिथेही आता तीच खपतात." मग एक गोटा हातात घेऊन म्हणाले, "इथे घर घेतलंत तर मापं मला कळव. मी रिकामाच आहे."

जेवायला एका पबमध्ये थांबलो. शाकाहारी म्हणून सालासकट भाजलेला बटाटा आणि त्यावर गोडसर बीन्स मिळाल्या. सरांनी मुकाट्यानं संपवल्या. इथे येणाऱ्या शाकाहारी डिझाइनवाल्यांनो, थालीपिठं जास्त करून घ्या. परतीच्या रस्त्यात सर झोपले आणि मी पहिल्यांदाच न घाबरता एम ट्वेंटीफाइव्ह पार केला. घाबरायलाही ताकद लागते.

नंतर

सोमवारी सर लेस्टरला गेले आणि जुलैत पुण्याला. मंदारनं कंपनीला 'नाही' असं कळवलं. त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

नोव्हेंबरमध्ये वॉटफर्डलाच एक जुनं घर घेतलं. जोडघर आहे, अर्धं आमचं, अर्धं शेजारच्यांचं. स्वयंपाकघर इतकं वाईट की आमच्या शोरूमच्या कॅटलॉगमधलं एकही कपाट त्यात बसणार नाही. एक भिंत तिरकी, खिडकी नको तिथे, आणि मधेच एक बंद केलेली चूल. तीन आठवडे मी त्या खोलीत नुसता चहा करून बाहेर येत होते. अर्ध्या हर्टफर्डशरची स्वयंपाकघरं मोजली, स्वतःचं मोजायला हात उचलेना. आता मोजलं म्हणजे राहिलोच, असं काहीतरी वाटत होतं.

मग एका रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनचं कार्ड आणलं आणि पुण्याला फोन लावला. फोन काकूंनी घेतला, मग सर आले.

"कसं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"बरं नाही सर. दमलेय. पण मापं घ्यायचीत."

"थांब," ते म्हणाले. मग फोनमधून भांड्यांचा आवाज आला, काकूंचं काहीतरी बोलणं आलं, खुर्ची सरकली. "हं. टेबल आत आणलंय गच्चीवरून. कुरडयांचा डबा बाजूला केला. बोल."

मी फोन खांद्यात धरला, टेपचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला लावलं आणि खिडकीपर्यंत ओढलं. मोठ्यानं म्हटलं, "कोपऱ्यापासून खिडकी, दोन फूट चार इंच."

लाइन खरखरत होती. मी टेप हलवला नाही.

"दोन चार," सर म्हणाले. "लिहिलं. पुढे?"